घरासमोरचे पाणी आज किती आहे? तलावाकाठी राहणाऱ्या नावमालकांसाठी धागा

काठचा_रहिवासी (धागालेखक)

नमस्कार. तलावाकाठच्या या घरात राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. गेल्या मोसमात माझ्या हातून जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण काठावर राहणाऱ्या कोणाच्याही हातून ते सहज घडू शकते असे मला वाटते.

आमच्या धक्क्यापासून चाळीसेक पावलांवर पाण्याखाली एका जुन्या झाडाचा बुंधा आहे. तो तिथे आहे हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. आठ वर्षे मी त्याच्यावरून निर्धास्तपणे नाव नेली, कारण त्याच्या माथ्यावर पुरुषभर पाणी असे. गेल्या मोसमात पाणी दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर उतरत होते. एवढा फरक रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जाणवत नाही. वाढत्या मुलाची उंची घरच्यांच्या लक्षात येत नाही, तसेच हे आहे. पन्नास दिवसांत सव्वा मीटर पाणी गेले आणि मी रोज त्याच वाटेने, त्याच वेगाने ये-जा करत राहिलो.

त्या संध्याकाळी नावेत मी, माझी बहीण आणि तिची अकरा वर्षांची मुलगी असे तिघे होतो. धक्का जवळ आला म्हणून मी वेग कमी करणार, इतक्यात खालून बद्द असा आवाज आला, आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीवरून झटक्यासरशी वर उचलले गेले आणि नाव जागीच अडली. भाची पुढच्या पाटावर बसली होती. ती तशीच पुढे फेकली जाऊन पाण्यात पडली. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होते आणि त्याचे तिन्ही पट्टे आवळलेले होते, म्हणून दुसऱ्याच क्षणी तिचे डोके पाण्यावर आले. माझे जॅकेट पाटाखाली घडी करून ठेवलेले होते. इंजिन वर उचलले गेले तेव्हा ते बंद पडले नव्हते, पंखा हवेत फिरत होता, आणि इंजिन बंद करणारी दोरी माझ्या मनगटाला न बांधता तशीच लोंबत होती. पोरगी नावेच्या पुढच्या बाजूला पडली, मागच्या बाजूला पडली नाही, एवढेच आमचे नशीब.

दुसऱ्या दिवशी वल्ह्याच्या नावेतून जाऊन, खुणा केलेल्या काठीने मी त्या बुंध्यावरचे पाणी मोजले. ते ३५ सेंटिमीटर भरले. माझ्या इंजिनाचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागाखाली ६५ सेंटिमीटर जातो. त्या सकाळची जलाशयाची अधिकृत पातळी ६१२.७५ मीटर होती, म्हणजे बुंध्याचा माथा ६१२.४० वर आहे. त्यात पंख्याचे ६५ सेंटिमीटर आणि लाटांमुळे नाव खाली-वर होते त्यासाठी आणखी ५० सेंटिमीटर मिळवले की ६१३.५५ हा आकडा येतो. पातळी त्याखाली गेली की त्या बाजूने जायचे नाही. ही बेरीज करायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि पातळीचा आकडा तर मी आठ वर्षे रोज वाचत होतो. तो माझ्या दारासमोरच्या पाण्याला मी कधी लावून पाहिला नाही, हीच माझी चूक.

आपापल्या काठावर आपण पाण्याची पातळी कशी पाहता, तिची नोंद ठेवता का आणि नाव काढण्यापूर्वी काय तपासता, ते कृपया लिहावे.

---

वल्हेकरी

भाची सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले. आपण तिच्या जॅकेटचे पट्टे आवळलेले होते असे लिहिले आहे, तो तपशील फार महत्त्वाचा आहे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि तोंड मात्र खालीच राहते. मुलाला जॅकेट घातल्यावर खांद्यांपाशी धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटी किंवा कान आत जात असतील तर ते मापाचे नाही असे समजावे. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे असे माझे मत आहे. मोठे झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून एक माप मोठे घ्यायची आपली सवय कपड्यांपुरती ठीक आहे.

मोठ्यांविषयी एक आकडा सांगतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या अहवालानुसार, नौकाविहारातील ज्या मृत्यूंचे कारण समजले, त्यांपैकी ७५ टक्के बुडून झालेले होते. आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची माहिती मिळाली, त्यांतील ८७ टक्के लोकांनी ते घातलेले नव्हते.

---

सराईत_पोहणारा

धागा चांगला आहे, पण एक मतभेद नोंदवतो. मी तीस वर्षे याच प्रकारच्या पाण्यात पोहतो आहे. मुलांना जॅकेट सक्तीचे असावे याबद्दल वाद नाही. परंतु ज्याला उत्तम पोहता येते, त्याच्या हाताशी जॅकेट असले की पुरेसे आहे. उन्हाच्या दिवसांत तासन् तास ते अंगात वागवणे त्रासाचे होते, आणि त्रास होतो म्हणूनच लोक ते पूर्णपणे टाकून देतात.

---

जलमापक

पाण्याची पातळी नोंदवण्याच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून धागालेखकांच्या मूळ मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की, जाहीर होणारी पातळी म्हणजे खोली नव्हे. ६१२.७५ मीटर ही समुद्रसपाटीसारख्या एखाद्या ठरलेल्या संदर्भापासून मोजलेली उंची आहे, आणि तो संदर्भ कोणता हे माहीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांसाठी १९८५ चा असा एक सामाईक संदर्भ ठरलेला आहे आणि तिथल्या नकाशांवरील खोली ही प्रत्येक सरोवराच्या ठरावीक नीच पातळीपासून दिलेली असते. नकाशावर दोन मीटर छापलेले असले तरी आजची पातळी त्या नीच रेषेच्या वर आहे की खाली, हे पाहून बेरीज किंवा वजाबाकी करावीच लागते. मिशिगन आणि ह्युरॉन ही एकमेकांना जोडलेली सरोवरे जानेवारी २०१३ मध्ये नोंदींतील नीचतम पातळीला गेली होती आणि २०२० मध्ये तिथे अनेक महिन्यांचे उच्चांक मोडले. सात वर्षांतला हा फरक पावणेदोन मीटरहून अधिक होता. काठ तोच, धक्का तोच, पण २०१३ साली नाव गाळात रुतायची आणि २०२० साली धक्काच पाण्याखाली जायचा.

दुसरी गोष्ट अशी की, जलाशयाची पातळी बहुधा एकाच ठिकाणी, बऱ्याचदा बांधापाशी, मोजलेली असते आणि ती काही तासांपूर्वीची असू शकते. तुमचे घर दुसऱ्या टोकाला असेल आणि वारा सुटलेला असेल, तर तुमच्या दारातले पाणी त्या आकड्याशी जुळणार नाही. लांब आणि उथळ तलावात वारा पाणी एका टोकाला लोटतो. त्या टोकाला पाणी चढते आणि विरुद्ध टोकाला तेवढेच उतरते. वारा पडला की ते पाणी परत येते, आणि हलवलेल्या परातीतल्या पाण्यासारखे या काठाकडून त्या काठाकडे हेलकावत राहते. जिनिव्हा सरोवरावर एकोणिसाव्या शतकात फ्रांस्वा-आल्फोंस फोरेल यांनी या हेलकाव्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्यामुळेच ‘सेश’ हा शब्द शास्त्रात रुळला. ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि सरासरी अवघे १९ मीटर खोल आहे. तिथे नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला की पूर्वेच्या बफेलोला पाणी चढते आणि पश्चिमेच्या टोलेडोला नावा चिखलावर बसतात. दोन्ही टोकांच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडल्याच्या नोंदी आहेत. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या किनाऱ्यावर मिशिगन सरोवराचे पाणी असेच अचानक चढले आणि धक्क्यावर मासे धरत बसलेली माणसे वाहून गेली. वादळ त्याआधीच ओसरले होते. म्हणून मी सांगतो की, वारा थांबल्याबरोबर नाव सोडायला धावू नये. अर्धा-पाऊण तास आपल्या खांबाकडे पाहत बसावे.

खांब म्हणजे पातळीपट्टी. ती तरंगत्या धक्क्यावर लावून उपयोग नाही, कारण तो पाण्याबरोबरच वर-खाली होतो. तळात पक्का रोवलेला खांब किंवा काठाची दगडी भिंत हवी. सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात, शांत हवेच्या सकाळी अधिकृत पातळी पाहून तीच आपल्या पट्टीवर नोंदवावी, आणि दोन-तीन वेळा वेगवेगळ्या पातळ्यांना हे जुळते का ते पडताळावे. लाटांमुळे वाचन अवघड जात असेल तर खांबालगत एक प्लास्टिकचा पाइप उभा बांधावा, त्याचे खालचे तोंड बंद करून त्याला बुडापाशी दोन-तीन बारीक भोके पाडावीत. पाइपात पाणी शांत राहते आणि आतल्या तरंगत्या बुचावरून पातळी नेमकी वाचता येते. आम्ही मोठ्या मापनकेंद्रांवर विहीर खणून जे करतो, तेच हे लहान रूप.

बदलाचा वेगही समजून घ्यावा. जलाशयाचा पृष्ठभाग १० चौरस किलोमीटर असेल आणि येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारे पाणी सेकंदाला १०० घनमीटरने जास्त असेल, तर तासाला साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि दिवसाला ८६ सेंटिमीटर पाणी उतरते. काठाचा उतार विसास एक असेल तर तेवढ्याने पाण्याची कड सतरा मीटर आत सरकते. सकाळी धक्क्याला तरंगत बांधलेली नाव दुसऱ्या सकाळी कोरड्यावर आडवी पडलेली दिसते ती यामुळेच. सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या सूचना आपण पूरग्रस्त सखल भागातल्या लोकांसाठी आहेत असे समजतो, पण त्या काठावरच्या नावमालकासाठीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

---

नवे_घर

आम्ही याच वर्षी काठावर घर घेतले आहे. हे सगळे वाचून एक शंका विचारतो, अज्ञान वाटले तर क्षमा असावी. पाणी कमी असताना धोका असतो हे समजले. मग तलाव तुडुंब भरलेला असतो तेव्हा नाव चालवणे अधिक सुरक्षित, असे म्हणता येईल का?

---

काठचा_रहिवासी

शंका अगदी रास्त आहे आणि मीही पूर्वी असेच समजत होतो. तसे म्हणता येणार नाही. पाणी चढते तेव्हा जुने खडक खोल जातात, पण नवे अडथळे तयार होतात. कुंपणाचे खांब, कोणाच्या पायऱ्या, बसायचा कट्टा, पक्क्या धक्क्याची कड असे सारे वीतभर पाण्याखाली दडते, आणि वरून पाहणाऱ्याला ते मोकळे पाणी वाटते. काठावरची वाळलेली खोडे पाणी उचलून नेते. ओली झालेली खोडे जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतात आणि संधिप्रकाशात अजिबात दिसत नाहीत. चढत्या पाण्यात आम्ही अंधार पडल्यावर नाव काढत नाही.

पक्क्या धक्क्याला नाव बांधली असेल तर दोर रोज पाहावेत. पाणी चढले आणि दोर आखूड पडला, तर तो नावेची एक बाजू खाली खेचून धरतो आणि नाव बांधल्या जागी भरून बुडते. उतरत्या पाण्यात तीच नाव दोराला लटकते. खांबाभोवती कडे घालून ते पाण्याबरोबर सरकेल अशी व्यवस्था केली तर ही चिंता बरीच कमी होते.

आणखी एक गोष्ट शेजारधर्माची आहे. काठोकाठ पाणी असताना आपल्या नावेने उठलेली लाट थेट दुसऱ्याच्या बांधावर आदळते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. सर्वांत मोठी लाट भरधाव नावेने उठत नाही, तर नाव पुढून वर उचलली जाऊन मागून बसलेली असते त्या मधल्या वेगाने उठते. आपण वेग कमी केला असे समजून नेमक्या याच वेगाने काठाजवळून जाणारे पुष्कळजण मी पाहिले आहेत. मागे वळून आपली लाट पाहावी; पाणी जवळजवळ सपाट राहील इतके हळू जावे. २०१७ मध्ये ऑन्टारियो सरोवराने उच्चांक गाठला आणि २०१९ मध्ये तोही मोडला, तेव्हा काठाजवळ लाट न उठवण्याविषयी नावमालकांना वारंवार विनवावे लागले होते.

---

वायरमन

चढत्या पाण्याचा विषय निघाला आहे तर माझ्या कामातली गोष्ट सांगतो, कारण तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही.

धक्क्यावर दिवे, नाव उचलण्याची मोटर किंवा पंप यांसाठी वीज नेलेली असते. पाणी चढून जोडणीपर्यंत पोहोचले, किंवा वायरचे आवरण उंदरांनी कुरतडलेले असले, तर प्रवाह पाण्यात उतरतो. गोड्या पाण्यात हा धोका खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक असतो, कारण गोडे पाणी विजेचे कमी वाहक आहे आणि माणसाचे शरीर त्याहून चांगले वाहक आहे. त्यामुळे प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर एवढासा प्रवाहही हातापायांचे स्नायू जखडून टाकायला पुरतो. माणूस ओरडत नाही, धडपडत नाही, नुसता खाली जातो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दमून बुडाला असे वाटते, मग त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि तोही तिथेच जखडतो.

धक्क्याच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला किंवा त्याहून कमी गळतीला तुटणारे संरक्षक यंत्र असलेच पाहिजे. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबल्यावर वीज गेली नाही तर ते यंत्र केवळ शोभेचे आहे. पाणी जोडणीजवळ येत असेल तर घरातल्या मुख्य बोर्डावरूनच धक्क्याची वीज बंद करावी, आणि त्यासाठी ओल्या धक्क्यावर जाऊ नये. वीज असलेल्या धक्क्याजवळ कोणीही पोहू नये, मुलांनी तर नाहीच. पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटले तर धक्क्याकडे न येता उलट दिशेने दूर जावे. कोणी बुडताना दिसले तर आधी वीज तोडावी, मग दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी; स्वतः पाण्यात उडी घेऊ नये.

---

वल्हेकरी

सराईत_पोहणारा यांना उत्तर द्यायचे राहिले होते. आपल्या पोहण्याबद्दल मला शंका नाही. पण पोहायला उतरणे आणि नावेतून फेकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रसंगी कपडे अंगावर असतात, डोके पाटाच्या कडेवर आपटलेले असू शकते आणि पाणी थंड असले तर पहिल्याच क्षणी अनावर धाप लागते. ती नेमकी तोंड पाण्याखाली असताना लागली तर पाणी छातीत जाते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी ‘एक–दहा–एक’ असे सूत्र मांडले आहे. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांनी उपयोगी हालचाल करायला सुमारे दहा मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. तो शेवटचा तास जॅकेट असणाऱ्यालाच मिळतो, कारण दहा मिनिटांनंतर उत्तम पोहणाऱ्याचेही हात चालत नाहीत. नाव उलटली तर तिला धरून राहावे, काठाकडे पोहत निघू नये, असे सांगतात त्याचे कारणही हेच आहे. पाण्यावरून काठ नेहमी असतो त्यापेक्षा जवळ दिसतो.

पाटाखालचे जॅकेट पाण्यात पडल्यावर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. माझी एक विनंती आहे. छातीएवढ्या पाण्यात, कोणाला तरी काठावर उभे करून, पूर्ण कपड्यांनिशी एकदा जॅकेट चढवून पाहा.

---

सराईत_पोहणारा

वल्हेकरी यांनी सांगितले तसे काल करून पाहिले. काठावर माझा मुलगा उभा होता. जॅकेट पाण्यावर तरंगत होते, मी दोन्ही हात त्यात घालू पाहिले की ते तोंडावर येत होते, आणि ओला सदरा बाहीत अडकत होता. पट्टे लावून होईपर्यंत चार मिनिटे गेली असे मुलाने सांगितले. पाय तळाला टेकत होते, पाणी शांत होते आणि मला कुठे लागलेले नव्हते, तरीही चार मिनिटे. ‘हाताशी असले की पुरेसे’ हे माझे विधान मी मागे घेतो. अंगात हलके वाटेल असे, गळ्याभोवती पातळ पट्ट्यासारखे बसणारे आणि पाण्यात आपोआप फुगणारे जॅकेट पाहतो आहे. त्याच्या वायूच्या नळीची तपासणी कशी करतात हे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

---

वल्हेकरी

आपण स्वतः करून पाहिलेत याचा आनंद वाटला. नळी हाताने फिरवून घट्ट बसलेली आहे ना ते दर वेळी पाहावे. तिचे वजन तिच्यावर कोरलेले असते. घरच्या तराजूवर ते जुळले पाहिजे. पाण्याने विरघळणाऱ्या गोळीची मुदत संपली असेल तर ती बदलावी. वर्षातून एकदा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी ते सैल पडले आहे का ते पाहावे. लहान मुलांना मात्र फुगणारे देऊ नये, फोमचेच द्यावे.

---

नवे_घर

सर्वांचे आभार. वायरमन यांचा प्रतिसाद वाचून धक्क्याची वीज बंद केली आणि माणूस बोलावून तपासून घेतली. आधीच्या मालकांनी संरक्षक यंत्र बसवलेलेच नव्हते. ते बसेपर्यंत आमच्याकडे धक्क्यावर दिवा नाही आणि मुलांना त्या बाजूने पाण्यात उतरू देत नाही.

---

काठचा_रहिवासी

मोसम संपत आला म्हणून जे केले ते नोंदवतो. जलमापक यांच्या सांगण्याप्रमाणे काठाच्या दगडी भिंतीवर पातळीपट्टी रंगवली, शेजारी पाइप बांधला आणि तिसऱ्या पडताळणीला ती अधिकृत पातळीशी दोन सेंटिमीटरच्या आत जुळली. ६१३.५५ ला तांबडी रेघ आहे. बुंध्यावर नारिंगी तरंगता पिंप बांधला, त्याच्या साखळीला थोडा ढिलावा ठेवला, म्हणजे पाणी चढले तरी तो बुडणार नाही. पलीकडच्या दोन शेजाऱ्यांनी आपापल्या समोरचे अडथळे काठीने मोजून मला पातळ्या कळवल्या. त्या सगळ्यांचा एक हाती नकाशा आम्ही तिन्ही घरांच्या धक्क्यांवर लावला आहे. इंजिन बंद करणारी दोरी आता मनगटाला लावल्याशिवाय मी इंजिन सुरूच करत नाही. नाव पाण्यात सोडण्यापूर्वी तळाचे बूच लावले का, हे भाची मला न चुकता विचारते आणि स्वतः वाकून पाहते.

आज सकाळची पातळी ६१३.३८ आहे. तांबडी रेघ सतरा सेंटिमीटर उघडी पडली आहे, म्हणून आम्ही पलीकडच्या बाजूने वळसा घालून वल्ह्यांवर धक्क्याला आलो.